केळीच्या सालीचे कार्बन डॉट्स: रेसिपी तीच, मग दर बॅचला चमक वेगळी का?

फेब्रुवारी उजाडला की फोन सुरू होतात. "दादा, साल तीच, पाणी तेवढंच, १८० डिग्रीला सहा तास, सगळं तेच. पहिली बॅच यूव्ही टॉर्चखाली निळीशार आली, दुसरी मिणमिणती, तिसरी हिरवट. सर म्हणतात रिपीट करून दाखव." एम.एस्सी.चं शेवटचं सेमिस्टर, हातात जेमतेम दीड महिना, आणि वहीत तीन बॅचेसचे तीन वेगळे आकडे. फोन जळगावहून येतो, धुळ्याहून येतो, परवा एक शहाद्याहून आला. खान्देशात या प्रोजेक्टला कच्चा माल शोधत हिंडावं लागत नाही. रावेर-यावल-चोपडा पट्ट्यात केळीच केळी, आणि साल फुकट. त्यामुळे दरवर्षी दोघा-तिघांच्या वाट्याला हा विषय येतोच.

मी स्वतः या खड्ड्यात दीड वर्ष बसलो होतो. तेव्हा मी रोज एकच प्रश्न विचारायचो, चमक कमी का झाली? त्याच्या आधीचा प्रश्न मी विचारलाच नव्हता: बाटलीत चमकतंय ते नेमकं काय आहे? खाली जे लिहितोय ते सगळं या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतं.

नवख्यांसाठी दोन ओळी. कार्बन डॉट म्हणजे साधारण १० नॅनोमीटरच्या आतला कार्बनचा कण, अतिनील प्रकाश पडला की चमकणारा. २००४ मध्ये कार्बन नॅनोट्यूब शुद्ध करताना काजळीतून तो अपघातानेच हाती लागला, 'कार्बन डॉट' हे नाव २००६ पासूनचं. संत्र्याच्या रसापासून असे कण केल्याचं काम २०१२ मध्ये ओडिशातून आलं, आणि त्यानंतर घरोघरच्या साली ऑटोक्लेव्हमध्ये (आत टेफ्लॉनचं लायनर असलेलं, घट्ट बंद होणारं स्टीलचं भांडं) जायला लागल्या. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल 'क्वांटम डॉट्स'ना मिळालं, ते मुख्यतः कॅडमियम सेलेनाइडसारख्या अर्धवाहकांच्या कणांसाठी. व्हायवात ही गल्लत करू नका, बाहेरून आलेले परीक्षक नेमकं तिथेच पकडतात.

लाइट गेली तेव्हा

एप्रिलची संध्याकाळ होती. लॅबमध्ये मी एकटाच. बॅचचं द्रावण हजार डाल्टनच्या डायलिसिस पिशवीत (बारीक छिद्रांची पिशवी, साधारण हजार डाल्टनपेक्षा हलके रेणू तिच्यातून बाहेरच्या पाण्यात जातात, जड ते आत राहतात) भरून, एक लिटरच्या बीकरमध्ये लटकवून ठेवलेलं. दर सहा तासांनी बीकरमधलं पाणी सिंकमध्ये ओतायचं आणि ताजं डिस्टिल्ड वॉटर भरायचं, हा नेम. तेवढ्यात लाइट गेली. मोबाइल चार्जिंगला बाहेर, हातात फक्त यूव्ही टॉर्च. तीच लावून दाराकडे निघालो आणि उजेड बीकरवर पडला.

पिशवीच्या बाहेरचं पाणी निळंशार चमकत होतं. पिशवीच्या आत, जिथे माझे डॉट्स असायला हवे होते, तिथे मळकट तपकिरी आणि जरा हिरवट छटा.

म्हणजे ज्या चमकेसाठी मी सहा महिने झटत होतो, ती मी दर सहा तासांनी नेमाने सिंकमध्ये ओतत होतो. दुसऱ्या दिवशी वही काढली. सोमवारी-मंगळवारी केलेल्या बॅचेस मी दुसऱ्या दिवशीच्या प्रॅक्टिकलच्या घाईत रात्रभरात पिशवीतून काढल्या होत्या. शुक्रवारच्या बॅचेस शनिवार-रविवार पाण्यात राहिल्या होत्या. निळ्या बॅचेस सगळ्या घाईतल्या, मंद बॅचेस सगळ्या शुक्रवारच्या. ओव्हन, तापमान, साल यांचा यात काडीचा संबंध नव्हता.

साल पाण्यात १८० डिग्रीला शिजते तेव्हा कण बनतात, तसेच काहीशे डाल्टनचे छोटे रेणूही बनतात, आणि त्यातले काही जोरदार चमकतात. सायट्रिक ॲसिड आणि एथिलीनडायअमीन घालून केलेल्या डॉट्सच्या बाबतीत हे चांगलंच माहीत आहे. तिथली प्रखर निळी चमक बऱ्याच अंशी सायट्राझिनिक आम्लाच्या जातीच्या एका रेणूची असते. सालीच्या बॅचमध्ये कुणी 'क्वांटम यील्ड वाढावी म्हणून' (शोषलेल्या प्रकाशापैकी किती चमक म्हणून परत येतो, ते प्रमाण) ही दोन्ही रसायनं टाकतात, आणि मग श्रेय केळीला देतात. केळी बिचारी काही बोलत नाही.

म्हणून सगळ्यात आधी हे करा. डायलिसिसचं बाहेरचं पाणी फेकू नका. दर वेळी बदलताना त्यातलं दहा मिली बाटलीत ठेवा, वर वेळ लिहा, आणि सगळ्या बाटल्या एकत्र फ्लुरोमीटरला (चमक मोजणारं यंत्र) लावा. बाहेरच्या पाण्याची चमक साध्या पाण्याइतकी खाली येईपर्यंत डायलिसिस संपलेलं नाही. आमच्याकडे ४८ तासांच्या आत ते कधीच झालं नाही. ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरवर विसंबू नका. ०.२२ मायक्रॉन म्हणजे २२० नॅनोमीटर, त्या चाळणीतून डॉटही जातो आणि रेणूही.

बाहेर आलेलं सगळं रेणूच असेल असंही नाही. एक-दोन नॅनोमीटरचे कणही पिशवीतून निसटतात, विशेषतः साडेतीन हजार डाल्टनची पिशवी असेल तर. शंका असेल तर सिलिकाच्या टीएलसी प्लेटवर (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारी पातळ थराची पट्टी) एक थेंब चालवून टॉर्चखाली बघा. एकाच 'शुद्ध' नमुन्याचे तीन-चार वेगवेगळ्या रंगांचे ठिपके वर चढताना दिसले, की पुढचा आठवडा ते घटक वेगळे करायला कॉलम चालवण्यात जाणार हे समजून चाला.

तापवण्याआधीची चमक

पुढचा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, करणारा विद्यार्थी मला अजून भेटायचाय. तेवढीच सालीची पूड, तेवढंच पाणी, न तापवता ढवळून गाळायचं, आणि बाकी सगळं बॅचसारखंच करून मोजायचं.

कारण पिकलेलं केळं मुळातच निळं चमकतं. इन्सब्रुक विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये हे दाखवलं: केळं पिकताना सालीतलं हरितद्रव्य मोडतं आणि त्यातून तयार होणारे काही पदार्थ अतिनील प्रकाशात निळे दिसतात. खात्री करायची तर ठिपके पडलेलं केळं अंधाऱ्या खोलीत न्या आणि ३६५ नॅनोमीटरची टॉर्च मारा. साल निळसर दिसेल, तपकिरी ठिपक्यांभोवती जास्त उजळ निळी कडी दिसतील. हिरव्या केळ्यावर तसं काही दिसत नाही. आता हा कंट्रोल नसताना 'आमच्या डॉट्सचं निळं एमिशन' (बाहेर पडणारा प्रकाश) असं लिहिणारा माणूस नक्की कशाचं एमिशन मोजतोय?

टॉर्चबद्दलही बोलून घेतो. बाजारात दोनशे-तीनशेला मिळते ती बहुतेक ३९५ नॅनोमीटरची असते, नोटा तपासायची. तिच्यातून जांभळा उजेड डोळ्यांनाही दिसतो आणि बाटलीतलं काहीही निळसर भासतं. ३६५ ची घ्या, डोळ्यांना चष्मा लावा. आणि बाटली कपडे धुण्याच्या पावडरने धुतली असेल तर परत धुवा, कारण त्या पावडरीत कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून घातलेलं ब्राइटनर असतं आणि ते कुठल्याही डॉटपेक्षा सुंदर चमकतं. पांढरा रुमाल टॉर्चखाली धरून बघा म्हणजे कळेल. आमच्या एका ज्युनियरचा 'ब्लँक', म्हणजे डॉट्स नसलेला नमुना, महिनाभर चमकत होता तो याच कारणाने.

साल: वेफर्सवाल्याची की गाडीवाल्याची?

डायलिसिस नीट केल्यावरही फरक उरत असेल तर आणलेल्या सालीकडे या.

मी सुरुवातीला साल दोन ठिकाणांहून आणायचो. चोपड्याकडचे एक वेफर्सवाले काका, आणि बस स्टँडबाहेरचं ज्यूस सेंटर. काका दर वेळी पोतं हातात देताना विचारायचे, "काय करी ऱ्हायना रे भाऊ?" आणि मी नॅनोटेक्नॉलॉजी समजावून सांगेपर्यंत ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेले असायचे. त्यांची साल कच्च्या केळ्याची, हिरवी, हाताला काळा चीक लागणारी. ज्यूसवाल्याची पिवळी, मऊ, निम्मी तपकिरी. मी दोन्हींना वहीत 'केळीची साल' एवढंच लिहिलं होतं.

रसायनाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कच्च्या केळ्याच्या गरात वीस टक्क्यांच्या आसपास पिष्ट असतं, पूर्ण पिकल्यावर एक-दोन टक्के उरतं, बाकीची साखर होते. सालीतही बदलाची दिशा तीच. साखर आणि पिष्ट १८० डिग्रीला सारख्या वेगाने कार्बन होत नाहीत. शिवाय केळीच्या सालीत डोपामाइन भरपूर असतं, आपल्या मेंदूतलं तेच, आणि कणात नायट्रोजन येण्याचा तो एक मार्ग आहे. साल कापून उघडी ठेवली की काळी पडते, कारण हेच डोपामाइन हवेत ऑक्सिडाइझ होऊन मेलॅनिनसारखं काहीतरी बनतं. म्हणजे सकाळी कापलेली साल संध्याकाळी ओव्हनमध्ये टाकली तर तुम्ही वेगळाच पदार्थ वापरताय.

साल पिवळी म्हणजे केळं पिकलेलं, हा हिशेबही आपल्याकडे उन्हाळ्यात चालत नाही. जी-नाइन, श्रीमंती, बसराई या सगळ्या कॅव्हेंडिश घराण्यातल्या. तीस डिग्रीच्या वर पिकल्या की गर मऊ होतो पण साल हिरवीच राहते, कारण हरितद्रव्य पुरतं मोडत नाही. जळगावचा मे महिना कुणाला सांगायला नको. म्हणून रायपनिंग चेंबरमधली पिवळी साल आणि घरात पिकलेल्या केळ्याची हिरवी साल यांचा गर सारखाच गोड असला तरी साल सारखी नसते, आणि वरचा निळ्या चमकेचा कंट्रोलही दोघींचा वेगळा येतो.

पॅकहाउसमधून साल किंवा टाकाऊ केळी आणत असाल तर आणखी एक विचारा: फण्या तुरटीच्या पाण्यात बुडवल्या होत्या का? चीक थांबवायला तसं करतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम वनस्पतींतल्या फ्लेव्होनॉइडशी जुळलं की पिवळी-हिरवी चमक देतं. हिरवट बॅचचा एक संशयित हाही. बोअरच्या पाण्याने साल धुवून थांबू नका, शेवटचं पाणी डिस्टिल्डच हवं.

उपाय कंटाळवाणा आहे. एकाच दिवशी, एकाच ठिकाणची, एकाच अवस्थेची पाच-सहा किलो साल आणा. लगेच कापा, लगेच ६० डिग्रीच्या ओव्हनला लावा, वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, दळा, चाळा, आणि सगळी पूड एकत्र कालवून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. अख्ख्या प्रोजेक्टच्या सगळ्या बॅचेस त्याच डब्यातून. गच्चीवर वाळवायचा मोह होतो, एप्रिलमध्ये दोन दिवसांत खडखडीत होतेही, पण जुलैत तीच साल बुरशी धरते आणि तुमच्या दोन बॅचेसमध्ये पावसाळा येऊन बसतो.

ऑटोक्लेव्ह

इथे थोडक्यात, कारण लोक दोष बहुधा इथेच शोधतात आणि तो इथे क्वचितच सापडतो.

ओव्हनच्या काट्यावर १८० दिसणं आणि टेफ्लॉन लायनरच्या आत १८० असणं यात तासाभराचं अंतर पडू शकतं, जाड स्टील तापायला वेळ लागतो. थंड ओव्हनमध्ये ठेवलं की तापलेल्या, ते लिहा. मध्ये लाइट गेली तर किती वेळ, तेही लिहा. लायनर दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका. १८० डिग्रीला वाफेचा दाब वातावरणाच्या साधारण दहा पट असतो, २०० ला पंधरा पट, २२० ला तेवीस पट, आणि साल जळताना निघणारा वायू त्यात वेगळा. साधं टेफ्लॉन लायनर २२० च्या वर नेऊ नका, आणि गरम ऑटोक्लेव्ह कुठल्याही परिस्थितीत उघडू नका. घरच्या कुकरमध्ये होईल का, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. कुकर १२० डिग्रीच्या आसपास थांबतो, तेवढ्यात सालीचं सूप होतं.

दोन गोष्टी मात्र खरंच तपासा. एक, भरलेला ऑटोक्लेव्ह आधी आणि नंतर वजन करा. वजन लक्षात येण्याइतकं घटलं असेल तर झाकण गळतंय, आत पाणी कमी होऊन द्रावण दाट झालंय, आणि तुमची बॅच वेगळी का आली याचं उत्तर मिळालं. दोन, लायनर. टेफ्लॉन जुनं झालं की तपकिरी होतं आणि मागच्या बॅचचा अंश धरून ठेवतं. एकदा नुसतं पाणी भरून पूर्ण सहा तास चालवा आणि ते पाणी मोजा. आमच्या एका लायनरमधलं नुसतं पाणी फिकट निळं निघालं. तो लायनर आता पेन ठेवायला आहे.

मोजताना होणारे घोळ

मंद बॅच आली म्हणून कुणी द्रावण आणखी दाट करतं आणि चमक अजूनच कमी होते. मग पुन्हा फोन. दाट द्रावणात प्रकाश क्युव्हेटच्या (नमुना धरायची चौकोनी पारदर्शक नळी) पहिल्या मिलिमीटरातच शोषला जातो, आणि डिटेक्टर बघतो क्युव्हेटच्या मध्यावर. दहा पट पातळ करा, चमक वाढलेली दिसेल. दोन बॅचेसची तुलना फक्त एका अटीवर: एक्सायटेशनच्या (उत्तेजित करायला टाकलेल्या प्रकाशाच्या) तरंगलांबीवर दोघींचं शोषण सारखं, आणि ०.१ च्या आत. वजन सारखं घेऊन चालत नाही.

एक्सायटेशन बदललं की एमिशनही सरकतं हा कार्बन डॉट्सचा गुण म्हणून दाखवतात. मंद बॅचमध्ये मात्र सरकणारं शिखर कधीकधी निव्वळ पाण्याचं असतं. पाणी रामन विकिरण करतं, म्हणजे पडलेला प्रकाश थोडा जास्त तरंगलांबीला विखुरतं, सुमारे ३४०० प्रति सेंटिमीटरच्या फरकाने. ३४० नॅनोमीटरने उत्तेजित केलं तर ते ३८४ ला दिसतं, ३६० ला ४१०, ३८० ला ४३६, ४०० ला ४६३. अगदी शिस्तीत सरकतं, बघून कुणालाही आनंद व्हावा. सी. व्ही. रामन यांचं शिखर आपल्या नावावर लावून दिलेलं सेमिनार मी पाहिलंय, आणि खरं सांगायचं तर एक दिलंयही. नुसत्या पाण्याचा स्पेक्ट्रम त्याच स्लिटवर काढा आणि वजा करा. शिखर अरुंद असेल तर आधीच संशय घ्या, डॉटचं एमिशन रुंद असतं.

क्वांटम यील्डसाठी संदर्भ म्हणून क्विनाइन सल्फेट वापरता ना, ०.१ मोलर सल्फ्युरिक आम्लात, ०.५४ धरून? मग ते सल्फ्युरिक आम्लातच हवं. कपाटात हायड्रोक्लोरिक होतं म्हणून ते वापरलं तर क्लोराइड क्विनाइनची चमक मारतं, संदर्भ मंद होतो आणि तुमची यील्ड फुकटात वर जाते. क्युव्हेट क्वार्ट्झचं, चारही बाजूंनी पारदर्शक. आणि पीएच मोजा. सालीत पोटॅशियम इतकं असतं की आसामात केळीच्या सालीची राख करून त्याचा खार स्वयंपाकात वापरतात. तुमच्या बॅचचा पीएच सालीनुसार आणि धुण्यानुसार हलतो, आणि डॉट्सची चमक पीएचनुसार. दोन्ही बॅचेस एकाच बफरमध्ये आणल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

टीईएममधले खडे

टीईएमसाठी (कण दाखवणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) नमुने बाहेर पाठवावे लागतात, पैसे जातात, आणि महिन्याने सुंदर फोटो येतो: गोल गोल कण, काहींत समांतर रेषाही. अभिनंदन करण्याआधी त्या रेषांमधलं अंतर मोजा. ग्राफाइटसाठी साधारण ०.३४ किंवा ०.२१ नॅनोमीटर अपेक्षित आहे. ०.३१ किंवा ०.२२ आलं, तर तो पोटॅशियम क्लोराइडचा स्फटिक असण्याची दाट शक्यता. ०.२१ आणि ०.२२ मध्ये फसायला फार सोपं आहे. हे मीठ सालीतूनच आलेलं असतं, ग्रिडवर थेंब वाळला की खडे बनतात.

यावर स्वस्त तपासणी एक्सआरडीची, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याची. तांब्याच्या क्ष-किरण नळीवर कार्बन डॉट्सचा पसरट उंचवटा २० ते २५ डिग्रीच्या आसपास येतो. त्यावर २८.३ डिग्रीला सुईसारखं टोकदार शिखर उभं असेल तर ते पोटॅशियम क्लोराइड. नमुना परत डायलिसिसला, आणि या वेळी बाहेरच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पांढरा साका येणं थांबेपर्यंत.

लोहाची सरळ रेषा

केळीच्या सालीचे डॉट्स, फेरिक आयनने चमक विझते, म्हणून विहिरीच्या पाण्यातलं लोह मोजता येतं. प्रोजेक्टचा दुसरा भाग ठरलेला. आणि तक्रारही ठरलेली: गेल्या आठवड्यातली कॅलिब्रेशन लाइन या आठवड्यात जुळत नाही.

फेरिक क्लोराइडचं द्रावण स्वतः पिवळं आहे. ३०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये ते जोरात शोषतं, म्हणजे तुम्ही ज्या प्रकाशाने डॉट्स उत्तेजित करताय तो प्रकाशच लोह खाऊन टाकतं. डॉट आणि लोह यांची भेट झाली नाही तरी चमक घटणार. हिशेब करून बघा. एक्सायटेशनच्या आणि एमिशनच्या तरंगलांबीवरची शोषणं मिळवा, निम्मी करा, १० चा तेवढा घात काढा, आणि मोजलेली चमक त्याने गुणा. दोन्ही शोषणांची बेरीज ०.६ असेल तर गुणक येतो १० चा ०.३ वा घात, म्हणजे दोन. तुमची पन्नास टक्के 'क्वेंचिंग' (चमक विझणं) लोहाच्या सावलीनेच झालेली निघाली. हे दुरुस्त करून जे उरेल तेवढंच डॉट आणि लोह यांच्यातलं. फ्लुरोसन्स लाइफटाइम (चमक किती काळ टिकते ते) मोजायची सोय कुठे मिळाली तर लोह घालण्याआधी आणि नंतर मोजा. न बदललेल्या लाइफटाइमवर 'डायनॅमिक क्वेंचिंग' (उत्तेजित डॉटला लोह धडकून चमक विझणं) लिहिता येत नाही.

रेषा आठवड्यागणिक हलते त्याचं कारण बहुधा याहून साधं असतं. फेरिक आयन पीएच तीनच्या वर गेला की हळूहळू हायड्रॉक्साइड होऊन बसतो. सात पीएचला, त्यातही फॉस्फेट बफरमध्ये, तुम्ही घातलेलं लोह तळाशी गेलेलं असतं आणि साक्यासोबत काही डॉट्सही नेतं. मोजायला पाच मिनिटं घेतलीत की अर्धा तास, यावर आकडा बदलतो. स्टॉक आम्लात ठेवा, रोज ताजा करा, घातल्यापासून मोजेपर्यंतचा वेळ घड्याळ लावून एकच ठेवा, आणि फॉस्फेट टाळा.

विहिरीचं पाणी आणताना एककांचा हिशेब आधी करा. लिटरला एक मिलिग्रॅम लोह म्हणजे सुमारे १८ मायक्रोमोलर. तुमची रेषा १०० मायक्रोमोलरपासून सुरू होत असेल तर गावच्या विहिरीसाठी ती निरुपयोगी, मग आर-स्क्वेअर (रेषा बिंदूंना किती जुळते त्याचा आकडा) ०.९९ असो नाहीतर काही असो. आणि आपल्याकडचं पाणी जड आहे, कॅल्शियम-मॅग्नेशियमसह कंट्रोल न घेता डिस्टिल्ड पाण्यातली रेषा तिथे लावू नका.

इमेजिंगबद्दल एवढंच

आपल्यापैकी बहुतेकांना पेशींचे फोटो दुसरीकडून काढून आणावे लागतात. पाठवताना डॉट्स न घातलेल्या पेशींचा नमुना, त्याच एक्स्पोजरला, हा आग्रह धराच. पेशी स्वतःही चमकतात, त्यांच्यातलं एनएडीएच निळं आणि फ्लेव्हिन हिरवं, आणि आपले डॉट्सही नेमके त्याच रंगांचे. एमटीटी चाचणीतही (जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी) पेशी नसलेल्या खळग्यात फक्त डॉट्स घालून एक वाचन घ्या, कारण तपकिरी द्रावण स्वतःच प्रकाश शोषतं आणि मेलेल्या पेशीही जिवंत मोजल्या जातात.

बाटली

सगळं नीट करून शेवटी चांगली बॅच हाती आली, की ती खिडकीत ठेवू नका. तपकिरी बाटली, चार डिग्री, वर तारीख आणि डब्यातल्या पुडीचा क्रमांक. भरण्याआधी ०.२२ चा फिल्टर, इथे मात्र तो कामाचा, जंतू अडवायला. डायलिसिस अर्धवट असेल तर द्रावणात साखर उरलेली असते, आणि जूनच्या दमट हवेत त्यावर पंधरा दिवसांत पांढरा कापूस उगवतो. आमची सात नंबरची, म्हणजे सगळ्यात निळी, सगळ्यांना दाखवून झालेली बॅच अशीच गेली. झाकण उघडलं तर आधी वास आला, शिळ्या शिकरणीचा.